नेमबाजी : छर्ऱ्याआधीचा सराव

प्रश्न : आमची मुलगी नववीत आहे. एन.सी.सी.च्या शिबिरात रायफल चालवल्यापासून तिला नेमबाजीच्या स्पर्धेत उतरण्याचा ध्यास लागला आहे. घरात सासऱ्यांनी हौसेने घेतलेली, नळी मोडून भरायची जुनी एअरगन आहे. सराव तिच्यावर सुरू करावा, की कर्ज काढून स्पर्धेची रायफल घ्यावी?
– एक पालक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : तूर्त दोन्ही करू नये. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये चाप ओढताच दट्ट्या जोरात पुढे सरकतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हलते. त्यामुळे चूक हाताची की हत्याराची, हे नवख्याला कळत नाही. शिवाय छर्रा न घालता ती चालवली, तर दट्ट्या रिकाम्या हवेत आदळून खराब होतो. नेमबाजाचा मोठा सराव तर छर्ऱ्याविनाच होतो आणि स्पर्धेच्या रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तर छर्रा साडेचार मिलिमीटरचा. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने पेलून, सव्वा तासात 60 नेम साधायचे असतात. म्हणून पायांतील अंतर, कमरेचा तोल, डाव्या कोपराला बरगडीजवळ मिळणारा आधार आणि चाप ओढल्यानंतरही क्षणभर तसेच स्थिर राहणे, यांवरच पहिले काही महिने जावेत. या काळात गुण मोजू नयेत. पाच छर्ऱ्यांची पाचही छिद्रे सात गुणांच्या वर्तुळात एकमेकांना चिकटून पडली, तर ती विखुरलेल्या छिद्रांतील एखाद्या दहा गुणांच्या छिद्रापेक्षा कितीतरी मोलाची, कारण असा पुंजका साइटचे (रायफलीवरील नेम धरण्याच्या साधनाचे) स्क्रू फिरवून मध्यावर आणता येतो. विखुरलेपणावर असा उपाय नाही.

घरच्या घरी एक गोष्ट मात्र आजच तपासावी. मुलीने दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसते, तो तिचा प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर प्रशिक्षकाला ते पहिल्याच दिवशी सांगावे. दस्ता (रायफलीचा मागचा भाग) कोणत्या खांद्याला लावायचा, हे त्यावरून ठरवता येते आणि पुढची मोडतोड टळते.

कोल्हापूर तुम्हाला फार दूर नाही. 2010 मध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे त्याच जिल्ह्यातले. रेंज (नेमबाजीच्या सरावाची जागा) निवडताना भिंतीवरच्या पदकांपेक्षा शिस्त पाहावी : नळी सदैव लक्ष्याकडे असते का, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर राहते का, आणि छर्रे शिशाचे असल्याने मुले डबा खाण्याआधी हात धुतात का. शिकाऊ मुलांना वापरायला तेथे रायफल मिळते का, हेही विचारावे. मिळत असेल, तर कर्जाचा विचार मुलीची उंची वाढायची थांबेपर्यंत पुढे ढकलता येईल.