खोगिराखालची जखम, गच्चीवरची साखळी : वाचक विचारतात

उन्हाळा आणि लग्नसराई एकदमच आल्यामुळे या वेळच्या पत्रांत घोडे जरा जास्त आहेत. कुत्र्यांची पत्रं नेहमीसारखीच ढीगभर. त्यातली ज्यांचं उत्तर बऱ्याच जणांच्या कामाला येईल ती निवडली. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण काही तक्रारी शेजाऱ्यांविरुद्ध आहेत.

आमचे दोन घोडे वरातीला जातात. त्यातल्या एकाला खोगिराच्या पुढच्या टोकाखाली रुपयाएवढी जखम झाली आहे. दर सीझनला तिथेच होते, मलम लावलं की बसते, काम केलं की पुन्हा उघडते. तारखा तर घेतलेल्या आहेत. काय करावं?
— एक घोडेवाले, सोलापूर

दर वर्षी त्याच जागी जखम होते म्हणजे दोष खोगिरात आहे. मलमाने तो जाणार नाही. आधी जखमेचं बघू.

खोगीर पूर्ण बंद. गादीला भोक पाडून जखम मोकळी ठेवायची आणि काम चालू ठेवायचं, हा उपाय सर्रास केला जातो, पण त्याने दाब भोकाच्या कडेवर येतो आणि जखम रुंदावते. भोवतीचे केस कातरा. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन चमचे जेमतेम सपाट, टाका आणि दिवसातून दोनदा या पाण्याच्या धारेने जखम धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. माश्या बसू नयेत म्हणूनचं औषध जखमेच्या कडेने, आत नाही. टर्पेंटाइन, चुना, गाडीचं जळकं तेल यातलं काहीही नको; नवी कातडी त्यानेच जळते. अळ्या दिसल्या किंवा पू खोल वाटला तर डॉक्टर. धनुर्वाताची लस वर्षभरात दिली नसेल तर आजच द्या, कारण धनुर्वात घोड्याला फार पटकन होतो. साधारण दोन-तीन आठवडे लागतील. कातडी भरून त्यावर केस येईपर्यंत पाठीवर काही ठेवू नका. तोवर दुसऱ्या घोड्यावर भागवा, नाहीतर ओळखीच्या घोडेवाल्याकडे तारीख वळवा.

आता खोगीर. गादी न घालता घोड्यावर ठेवा, वर माणूस बसवा आणि पुढून आत बघा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा आहे, त्याच्यात आणि खोगिरात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत आणि कण्यावरून मागपर्यंत उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुमची जखम तिथूनच आलेली आहे. काम संपल्यावर खोगीर उतरवलं की लगेच पाठ बघायची सवय लावा. पाठ सगळीकडे सारखी घामेजलेली असेल तर ठीक. ओल्यात मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब इतका आहे की घामही सुटत नाही. त्या जागी पांढरे केस उगवलेले असतील तर दुखणं जुनं आहे.

आपल्याकडे खोगिराखाली चादर चौपदरी घालतात. सोलापुरी चादर घाम चांगला शोषते, तक्रार चादरीबद्दल नाही, घडीबद्दल आहे. घडीची कड कण्याला घासते. एकच सपाट जाड थर ठेवा, आणि घामाचं मीठ धरून चादर पुठ्ठ्यासारखी कडक व्हायच्या आत धुवा.

राहिलं वजन. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घोड्याचं वजन किलोत येईल. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर साधारण २६५ किलो. पाठीवरचा भार याच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवा, म्हणजे ५३ किलो, तोही खोगीर धरून. तुमचा नवरदेव ७० किलोचा, सजावटीचं खोगीर १५ किलोचं आणि पुढ्यात एखादा भाचा बसवलेला असतोच! अशा घोड्याला लहान मुलांच्या मिरवणुका द्या. नवरदेवासाठी मोठं जनावर हवं.

काटेरी किंवा गाठी असलेला लगाम वापरणं १९६५ च्या ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांच्या नियमांनुसार गुन्हा आहे. त्याच नियमांत दिवसाला एकूण ९ तास, सलग ५ तासांवर काम नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद, असं आहे. सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे जवळजवळ रोजच. यजमान मुहूर्ताचं कारण सांगतात. बुकिंग घेतानाच ही वेळ बंद म्हणून सांगितलीत तर ऐन वेळी वाद होत नाही.

घामाघूम घोड्याला पाणी दिलं की पोट धरतं, ही समजूत सोडा. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धी बादली द्या. या हवेत काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला ४०-५० लिटर सहज लागतं, चंदीत रोज ३० ग्रॅम मीठही हवं.

जुळे सोलापुरात आमच्या समोरच्या घराच्या गच्चीवर एक कुत्रा दिवसभर दोन हाताच्या साखळीला असतो. वर पत्रा आहे, पण दुपारी ऊन आत येतं. मालकांशी संबंध बिघडवायचे नाहीत. तक्रार कुठे करायची?
— एक वाचक

तक्रारीआधी एक पायरी आहे. वर जा आणि मोठं मातीचं भांडं भरून घेऊन जा. «उन्हाळ्यात याला आमच्याकडून पाणी» एवढंच म्हणा. बहुतेक मालक निर्दय नसतात. सकाळी आठला भरलेलं स्टीलचं भांडं अकरा वाजता सांडलेलं किंवा तापून चटका देणारं असतं, हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. कुत्र्याला किलोमागे दिवसाला ५०-६० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला दीड लिटर तरी, आणि एका भांड्याऐवजी दोन भांडी, सावलीच्या दोन जागी.

पत्र्याची सावली ही सावली नव्हेच. पत्रा तापला की खाली भट्टी होते. त्यावर कडबा किंवा ओली गोणपाटं टाका, दोन बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा. साखळीऐवजी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणून तिच्यावर सरकती कडी बसवली तर कुत्रा फिरू शकतो. तार कठड्यापासून इतकी आत हवी की उडी मारली तरी गळ्याला फास बसणार नाही. गच्चीवर कुत्रे लटकून मरतात ते याच चुकीने. आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास खाली फिरवणं, त्याला पर्याय नाही.

हे सगळं होऊनही फरक पडला नाही तर कायदा आहे. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६०, कलम ११ : अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं, कारणाशिवाय सोडून देणं, हे तिन्ही गुन्हे. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये! १९६० सालचा आकडा आहे तसाच राहिला आहे. तरी लेखी तक्रारीचा उपयोग होतो, कारण पोलीस घरी आले की बहुतेक साखळ्या सुटतात. तारीख-वेळ दिसेल असे दोन-तीन दिवसांचे फोटो, पत्ता, आणि अर्जाची पोच, एवढं ठेवा. विष घालणं, ठार मारणं, पाय मोडणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

आमचा लॅब्रॅडोर काल दुपारी फिरून आल्यावर धापा टाकत आडवा पडला. बर्फाच्या पाण्यात ठेवला, तासाभराने उठला. आता ठीक आहे. डॉक्टरांकडे न्यायला हवं का?
— विजापूर रोड

हो, आजच. उष्माघातानंतर मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एक-दोन दिवसांनीही बिघडू शकते. लघवी गडद किंवा कमी, हिरड्यांवर लाल ठिपके, काळी शी दिसली तर थांबूच नका.

पुढच्या वेळेसाठी : बर्फ नको. बर्फाने कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता आतच राहते. साधं नळाचं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०३ वर आलं की गार करणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं. गार करूनच गाडीत घाला.

फिरायला नेण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना याहूनही लवकर त्रास होतो. हस्की सोलापुरात पाळू का, असंही एका पत्रात विचारलं आहे. आमचं उत्तर नाही असं आहे, घरात एसी असला तरी.

कुत्र्याला गोचीड झाले आहेत. म्हशीसाठी आणलेलं औषध चालेल का? शेजारचे म्हणतात रॉकेल लावा. आमच्याकडे एक घोडीही आहे.
— मोहोळ

घोडीला मात्र म्हशीचं औषध कधीच लावू नका. त्या बाटलीत बऱ्याचदा अमिट्राझ हे गोचीड मारणारं रसायन असतं. घोड्याच्या आतड्यांची हालचाल त्याने मंदावते, शेण अडकतं आणि पोटशुळाने जनावर जाऊ शकतं. कुत्र्याला अमिट्राझ देतात, पण किती पातळ करायचं ते त्याच्या वयावर आणि वजनावर ठरतं. लहान पिल्लांना नाही. रॉकेल आणि जळकं तेल कातडी भाजतात आणि चाटल्यावर पोटात जातात.

गोचिडाची मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा साफ करून भागत नाही. बसायची जागा, भेगा, गोणपाट सगळं साफ करून भेगा बुजवायच्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुन्हा तेच. कुत्रा मलूल, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काही असेल तर तो गोचीड ताप असू शकतो. रक्त तपासा.

कॉलनीत सात-आठ भटकी कुत्री आहेत. सोसायटीत दोन गट पडलेत. एक गट म्हणतो गाडीत घालून लांब सोडून या, दुसरा रोज गेटवरच भात टाकतो.
— होटगी रोड

दोन्ही गटांचं चुकतंय. लांब नेऊन सोडणं बेकायदेशीर आहे आणि निरुपयोगीही : जागा मोकळी झाली की कचऱ्यावर नवी कुत्री येतात, तीही बिनलसीची. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पालिकेने पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याच भागात सोडायचं; कानाला खाच असेल तर ते झालेलं आहे असं समजा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रेबीज झालेली किंवा चावरी कुत्री या परत सोडण्यातून वगळली, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातून पकडलेली कुत्री तिथेच परत सोडू नयेत असं सांगितलं. तुमच्या कॉलनीत खाच नसलेली किती, माद्या किती, एवढी यादी करून पालिकेला अर्ज द्या. «कुत्र्यांचा त्रास आहे» या एका ओळीच्या अर्जाने काहीच हलत नाही.

गेटवर खायला घालणं बंद करा. जिने, गेट, मुलांच्या खेळायच्या जागा सोडून एक कोपरा ठरवा, वेळ ठरवा, उरलेलं अर्ध्या तासात उचला. भातात कांदा नको, शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत. पिल्लं असलेल्या कुत्रीच्या जवळ मुलांना जाऊ देऊ नका; बऱ्याच चाव्यांचं मूळ तिथे असतं, आणि पिल्लं आठ आठवड्यांपर्यंत तिच्यापासून तोडायची नसतात.

चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही नाही. मग सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी. दंडावर कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या.

अकलूजच्या बाजारात पहिल्यांदा घोडा घ्यायचा आहे. काय बघावं?
— बार्शी

दात बघायला जाणकार न्या. बाकी तुम्हीही बघू शकता. कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायला सांगा : पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचलतं. वेदनाशामकाने लंगडणं काही तास झाकता येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खूर उचलून तळ बघा. मऊ भाग काळा आणि कुजका वास असेल तर तो ओल्यात उभा राहिलेला आहे. खोगीर उतरवायला लावा, पाठीवर पांढरे ठिपके मोजा. नाकातून चिकट स्राव किंवा कातडीखाली गाठींची माळ दिसली तर हात न लावता मागे या : ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. त्याच्या रक्ततपासणीचा ताजा दाखला मागायचाच. घरी आणल्यावरही तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळा बांधा, बादली, तोबरा आणि खरारा त्याचा त्याचा.