कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल हंगाम : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की जिमखान्याच्या फलकावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या नोटिसा लागतात आणि आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. या वेळी आलेल्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत. उत्तरं देणाऱ्या मंडळींत फुटबॉल प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट आहेत.

आमच्या संघात १६ मुली आहेत. त्यातल्या ९ जणी यंदा पहिल्यांदाच फुटबॉल खेळतायत. स्पर्धेला सहा आठवडे आहेत. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास मैदान मिळतं, तेही अर्धं. आधी फिटनेस करून घ्यावा का?
— जिमखाना प्रतिनिधी, विलेपार्ले

तुमच्या हातात सगळे मिळून २७ तास आहेत. दर वेळी २० मिनिटं वॉर्मअपला जाणार, म्हणजे उरले २१. त्यात मैदानाला फेऱ्या मारत बसणं परवडणारं नाही. दम वाढवायचा तो बॉल पायाशी ठेवूनच वाढवा.

पहिले दोन आठवडे फक्त तीन गोष्टी. एक, जोडीजोडीने ८ ते १० मीटरवरून पास. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, साधारण एक वीत अंतरावर, आणि त्याची बोटं जिथे पास द्यायचाय तिकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. नव्या मुलींचा पास हवेत उडतो, कारण त्या मागे झुकतात किंवा अंगठ्याने बॉल ढकलतात. आधी हे सुधारा, जोर नंतर येतो. दोन, ८ बाय ८ मीटरच्या चौकोनात चौघींविरुद्ध एक : चौघी पास करत राहणार, एक बॉल काढून घ्यायला बघणार. तीन, ३० बाय २० मीटरच्या छोट्या मैदानावर चौघी विरुद्ध चौघी, गोलाच्या जागी खुणेचे शंकू. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, अशा पाच फेऱ्या. अर्ध्या मैदानात असे दोन खेळ एकाच वेळी बसतात, म्हणजे सोळाही जणी खेळात राहतात. बहुतेक कॉलेजांत याऐवजी पहिल्या दिवसापासून मोठी मॅच लावतात. तिथे चार जुन्या मुली आपसात खेळतात आणि नव्या मुलीच्या पायाला तासाभरात जेमतेम काही वेळा बॉल लागतो.

तिसरा-चौथा आठवडा रचनेचा. नव्या संघात दहाच्या दहा जणी बॉलमागे धावतात. ४-४-२ (मागे चौघी, मधे चौघी, पुढे दोघी) लावा आणि सुरुवातीला चालतच सराव घ्या : प्रशिक्षक बॉल हातात घेऊन डावीकडे गेला की आख्खा संघ डावीकडे सरकणार. बचावफळी आणि पुढच्या दोघी यांच्यात ३० ते ३५ मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की मधे भगदाड तयार होतं. जुन्या सात जणी मधल्या पट्ट्यात वाटून द्या : गोली म्हणजे गोलकीपर, दोन सेंटर बॅक म्हणजे बचावफळीच्या मधल्या दोघी, मधल्या फळीतल्या आतल्या दोघी, पुढच्या दोघी. नव्या मुली कडेला, म्हणजे प्रत्येकीच्या शेजारी सांगणारं कुणीतरी असेल. ऑफसाइडचा सापळा, म्हणजे बचावाच्या चौघींनी एकदम पुढे सरकून समोरच्या स्ट्रायकरला ऑफसाइडमध्ये पकडणं, याच्या फंदात मात्र पडू नका. चौघींपैकी एक जरी मागे राहिली तरी समोरची स्ट्रायकर मोकळी सुटते.

पाचव्या आठवड्यात थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिक. थ्रो घेताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, बॉल दोन्ही हातांत आणि डोक्यामागून वर आणलेला हवा. या फाउलवर कॉलेजच्या सामन्यात कितीतरी बॉल फुकट जातात. गोलकिकबद्दल २०१९ पासूनचा नियम तुमच्या सोयीचा आहे. आपल्याच खेळाडूला पेनल्टी बॉक्सच्या आत पास देता येतो आणि तोवर समोरच्यांना बॉक्सबाहेर थांबावं लागतं. तुमच्या गोलीची किक तीस मीटरसुद्धा जात नसेल तर हाच मार्ग धरा. मात्र आधी सराव करा, बॉक्समध्ये चुकलेला पास थेट गोलात जातो. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइडचा नियम लागत नाही, हेही मुलींना सांगून ठेवा. भल्याभल्या खेळाडू उगाच थबकतात.

शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण सराव सामना, मग हलका सराव. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणालाही दमवू नका.

ऐन सामन्याच्या दिवशी दोन-तीन मुली येतच नाहीत. आठ जणींत खेळता येतं का?
— विद्यार्थिनी, कल्याण

येतं. नियमानुसार किमान सात खेळाडू मैदानात असावे लागतात, त्याखाली सामना सुरू होत नाही. पण आठ जणींत जिंकायची अपेक्षा धरू नका. सगळ्यांनी मागे थांबा आणि बॉल मिळाला की कडेला मारा.

खरा उपाय नावनोंदणीच्या वेळी करायचा असतो. अर्जात जितकी नावं देता येतात तितकी द्या, आणि त्यात दुसरी गोली हवीच. राखीव खेळाडूंची किंमत राष्ट्रीय संघालाही कळलेली आहे. २०२२ च्या महिला आशिया चषकात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी साधली. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला संघात पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, कारण कोरोना. भारत स्पर्धेतून बाद झाला.

गेल्या वर्षी आमच्या दोन मुलींचे गुडघे गेले, एकीची एसीएलची शस्त्रक्रिया झाली. मुलींना हे जास्त होतं म्हणतात, ते खरं का? टाळता येतं का?
— प्रशिक्षक, ठाणे

खरं आहे. मुलांपेक्षा मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक मुख्य अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळतं. बहुतेक वेळा कुणी आदळलेलंही नसतं. उडी मारून उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना गुडघा आत वळतो, पाय जवळजवळ सरळ असतो आणि अस्थिबंध तुटतो. नितंबाचे आणि मांडीच्या मागचे स्नायू कमजोर असले की गुडघा सावरला जात नाही.

उपाय स्वस्त आहे, पण कंटाळवाणा. फिफाचा ‘११+’ वॉर्मअप २० मिनिटांचा आहे : आठ मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ खेळाडू मुलींवर तो तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा वॉर्मअप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या.

मधली दहा मिनिटं गाळली तर उरलेल्याचा फारसा उपयोग नाही, आणि सगळीकडे नेमकी तीच गाळली जातात. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम असा : गुडघ्यांवर बसा, जोडीदारणीने मागून घोटे घट्ट धरावेत, पाठ सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुका, शेवटी हातांवर या. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच. पहिल्या दिवशी दहा केले तर तीन दिवस जिना उतरता येत नाही. उड्यांमध्ये उतरण्याकडे बघा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, वाकलेला, आणि धप्प आवाज नको. एकीचं उतरणं दुसरीने मोबाइलवर समोरून टिपलं की चूक लगेच दिसते.

गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर त्याच दिवशी खेळ बंद, बर्फ, आणि अस्थिरोगतज्ज्ञ. मालिश करून घेऊ नका, कुणी कितीही खात्रीने सांगो. शस्त्रक्रिया झालेल्या तुमच्या खेळाडूला किमान नऊ महिने स्पर्धात्मक खेळ नको. तेही ताकदीच्या चाचण्या पार केल्यावरच.

एकच बूट घ्यायची ऐपत आहे. आझाद मैदानात चिखल, कॉलेजजवळ टर्फ. कोणते घ्यावेत?
— विद्यार्थिनी, परळ

सामने कुठे आहेत ते आधी बघा. एफजी म्हणजे नैसर्गिक गवतासाठी, एजी म्हणजे मोठ्या कृत्रिम मैदानासाठी, टीएफ म्हणजे जाळीतल्या छोट्या टर्फसाठी. एकच जोड घ्यायचा तर एजी घ्या. त्याच्या तळाचे खुंट (स्टड) आखूड आणि जास्त असतात, त्यामुळे टर्फवर पाय अडकत नाही आणि मैदानातही निभावतं. भर चिखलात थोडं घसराल. उलट लांब खुंटांचे बूट टर्फवर घातले तर तळवा रुततो, शरीर वळतं आणि गुडघा पिळवटतो. धातूचे खुंट बहुतेक टर्फवाले आत येऊच देत नाहीत. पाऊस गेला की मैदानं टणक होतात, तेव्हाही आखूड खुंटच बरे.

धोबी तलावच्या दुकानांत संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो. फुटबॉलचे मोजे घालूनच माप बघा, पुढे अर्ध्या अंगठ्याइतकी जागा हवी. टाच वर-खाली होत असेल तर अर्धा नंबर लहान बघा. मुलांसाठी बनवलेल्या बुटात मुलींची टाच बऱ्याचदा सैल राहते आणि फोड येतात. भिजलेले बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवले की चिकटवलेला तळ सुटतो.

माझी मुलगी एसवायला आहे. वसईहून लोकलने जाते, खेळून येते आणि निपचित पडते. हिमोग्लोबिन १०.८ आलं. खेळ थांबवावा का?
— एक आई, वसई

आधी डॉक्टर. प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. सोबत फेरिटिन तपासून घ्या, शरीरातला लोहाचा साठा त्यात कळतो. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही न लाजता सांगायला हवं. गोळ्या लागतील की नाही आणि तोवर खेळ किती, हे डॉक्टर ठरवतील.

जेवणात चवळी, मसूर, हिरव्या पालेभाज्या, अळिवाचे लाडू; चालत असेल तर कलेजी. वर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा बंद, निदान तासभर अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहाबरोबर नको.

सामन्याआधी तीन तास पोळी-भाजी किंवा दहीभात, तासभर आधी एक केळं. स्टेशनवरचा वडापाव सामना संपल्यावर. ऑक्टोबरच्या उकाड्यात नुसतं पाणी पुरत नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत बाटलीत न्यावं आणि खेळ थांबला की घोट-घोट प्यावं. ओआरएस नेलं तर पुडीवर लिहिलेल्या मापातच कालवायचं, ‘जरा कडक’ नको.

गोलीला उंची नाही आणि बाद फेरीत सामना पेनल्टीवर गेला की आम्ही हरतो.
— संघनायिका, दादर

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, रेषेवर उभी राहिलेली कोणतीही मुलगी त्यात लहानच दिसते. खेळ चालू असताना तिने बॉल आणि गोलाचा मध्य जोडणाऱ्या रेषेवर दोन-तीन पावलं पुढे यावं, म्हणजे समोरचीला दिसणारी जागा कमी होते. फार पुढे आली तर डोक्यावरून बॉल जाईल. झेप शिकवायला पावसाळ्यातला मऊ चिखल उत्तम : आधी गुडघ्यांवरून, मग बसकं होऊन, मग उभ्याने. पडताना मांडीची बाजू आणि खांदा टेकावा, कोपर नाही. नव्या नियमात तिने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, तेही तिला ठाऊक असू द्या.

पेनल्टीचं अंतर ११ मीटर. शूटआउटमध्ये सामना संपताना मैदानात असलेल्याच किक घेऊ शकतात, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत चांगली किक मारणारीला बाहेर काढू नका. पाच जणींची नावं आदल्या दिवशीच ठरवा. सराव दमल्यावर, सत्राच्या शेवटी घ्या, आणि प्रत्येकीने मध्यरेषेपासून चालत यावं. बहुतेक किक हुकतात त्या धावताना मन बदलल्यामुळे. कोपरा बॉल ठेवतानाच ठरवायचा आणि गोलीकडे बघायचं नाही. पावसात आधी टेकणाऱ्या पायाची जागा बुटाने चाचपून बघावी. तिथे खळगा असेल तर रेफरीला सांगून माती नीट करून घ्यावी. तुमच्या गोलीचा निदान एका पायाचा काही भाग किकच्या क्षणी रेषेवर असला पाहिजे. ती लवकर पुढे आली आणि अडवलेली किक पुन्हा मारायला मिळाली, तर पुढच्या किकला तिचा तोल जातो, म्हणून हाही सराव रेफरीच्या जागी कुणाला तरी उभं करूनच घ्या.