सीडीफोर २८ ने उतरला

प्रश्न : मी जत तालुक्यातली, वय ३६. आठ महिन्यांपूर्वी एचआयव्ही निघाला. एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीवरच्या औषधांच्या सरकारी केंद्रातल्या) गोळ्या लगेच सुरू झाल्या, एकही चुकवली नाही. सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, आधी २९० होता, सहा महिन्यांनी ३४०. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या) कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं आहे. मागच्या आठवड्यात सर्दी-तापात खासगी लॅबमध्ये सीडीफोर केला, तो ३१२. लॅबवाले म्हणतात, नीओप्टेरिन, बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन या रक्ताच्या तपासण्या करा, आजार किती वेगानं वाढेल ते कळेल. मुलगी नववीत आहे. तिची बारावी तरी मला बघायला मिळेल का?
(नाव छापू नये)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गोळ्या अशाच चालू ठेवा. बारावीच काय, तिच्या मुलांची शाळाही बघाल, असं म्हणायला आज पक्का आधार आहे.

३४० चे ३१२ ही घसरण नव्हे. सीडीफोर सकाळी कमी, संध्याकाळी जास्त भरतो, तापात उतरतो, मशीन बदललं तरी आकडा हलतो. तुम्ही तर तापात आणि दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलंत. यापुढे तपासणी केंद्रातच करा, अंगात ताप नसताना.

१९९८ साली मी निवासी डॉक्टर होतो. आमच्या वॉर्डात सीडीफोरचं मशीन नव्हतं. सीबीसी या साध्या रक्ततपासणीतल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा हिशोब मांडायचा. त्या १२०० च्या खाली गेल्या की छातीत धस्स व्हायचं. पुढचा धोका कळायचा, पण हातात द्यायला गोळी नसायची. ते चेहरे अजून आठवतात.

नीओप्टेरिन, बीटा-टू हे त्याच काळातले. शरीराची झुंज किती पेटली आहे, हे त्यांच्यावरून ताडायचे. १९९६ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या जॉन मेलर्स यांनी १८० पुरुषांच्या जुन्या नमुन्यांतला विषाणू मोजला. सर्वांत कमी विषाणू असलेल्या गटात पाच वर्षांत ८ टक्क्यांना एड्स झाला, सर्वांत जास्त असलेल्या गटात ६२ टक्क्यांना. तेव्हापासून व्हायरल लोड पुढं आला. पण हे भाकीत होतं उपचारांशिवाय आजार कसा वाढेल याचं. तुमचा विषाणू गोळ्यांनी इतका दबला आहे की मशीनला सापडत नाही. तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा कागद तोच, आणि तुम्हाला धास्ती वाटली ती सीडीफोरच्या कागदाची!

त्या तपासण्यांवर एक रुपयाही घालवू नका. त्यांचा आकडा काहीही आला तरी तुमची गोळी बदलणार नाही. व्हायरल लोड मात्र चुकवू नका. पहिल्या वर्षी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. केंद्रात तो मोफत होतो. म्हणजे चार महिन्यांनी तुमची पाळी आहे, समुपदेशकांकडून तारीख लिहून घ्या. हा ताप लांबला, खोकला राहिला, वजन उतरलं किंवा रात्री घाम फुटू लागला, तर तारखेची वाट न बघता केंद्रात जा. क्षयाची तपासणी आधी करायला सांगा.