न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत किती सोने तयार होते, हे नक्की का सांगता येत नाही?

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मुख्यतः न्यूट्रॉनांनी बनलेल्या अतिघन ताऱ्यांच्या, टकरीचे संगणकीय प्रारूप करता येते, मग तिच्यातून निघणाऱ्या सोन्याचा ठाम आकडा का मिळत नाही, असा आपला प्रश्न आहे. टकरीतील परिस्थितीबद्दलची अनिश्चितता हे एक कारण आहेच; पण माझ्या मते तितकेच मोठे आणि कमी चर्चिले जाणारे कारण अणुकेंद्रांविषयीच्या अपुऱ्या माहितीत आहे.

टकरीत बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्यात न्यूट्रॉन इतके विपुल असतात की बीटा क्षय (न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर) होण्याआधीच अणुकेंद्र एकामागून एक न्यूट्रॉन ग्रहण करत जाते. ते कुठे थांबेल हे त्यातून एक न्यूट्रॉन सोडवायला किती ऊर्जा लागते, म्हणजे शेजारच्या समस्थानिकांच्या वस्तुमानांत किती फरक आहे, यावर ठरते, आणि ही ऊर्जा समीकरणात घातांकात येते. तापमान 1 अब्ज केल्व्हिन असताना या ऊर्जेत 0.5 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टची चूक झाली, तर समस्थानिकांचे परस्पर प्रमाण सुमारे 300 पटींनी चुकते. मोजून झालेल्या अणुकेंद्रांच्या बाबतीतसुद्धा प्रचलित सैद्धांतिक प्रारूपांची वस्तुमानातील चूक साधारण याच घरातली असते. शेजाऱ्यांच्या चुका काही अंशी एकमेकींना छेदतात हे खरे, परंतु जिथे मोजमापच नाही तिथे त्यावर विसंबता येत नाही.

सोने व प्लॅटिनम नेमके अशाच प्रदेशातून येतात. 126 न्यूट्रॉन असलेली अणुकेंद्रे विशेष स्थिर असल्यामुळे न्यूट्रॉन ग्रहणाचा प्रवाह तिथे अडतो, द्रव्य साचते आणि पुढे बीटा क्षयांच्या मालिकेतून अणुभारांक (प्रोटॉन व न्यूट्रॉनांची एकूण संख्या) 195 च्या आसपास मूलद्रव्यांच्या विपुलतेचे शिखर तयार होते. किती साचेल हे तेथील अर्धायुष्यांवर (निम्मी अणुकेंद्रे क्षय पावायला लागणाऱ्या काळावर) ठरते, आणि या वाटेवरील जवळजवळ कोणतेही अणुकेंद्र अजून प्रयोगशाळेत तयार झालेले नाही. याउलट 82 न्यूट्रॉनांच्या परिसरातील 110 अणुकेंद्रांची अर्धायुष्ये जपानच्या रिकेन संस्थेतील गटाने 2015 मध्ये प्रसिद्ध केल्यामुळे तिथला पाया बराच भक्कम झाला आहे.

अतिजड अणुकेंद्रांच्या विखंडनातून, म्हणजे फुटण्यातून, कोणते तुकडे निघतात, हाही मोठा खुला प्रश्न आहे.

अणुकेंद्रांविषयीच्या या अपुऱ्या माहितीचा परिणाम निरीक्षणांच्या अर्थापर्यंत पोहोचतो. ऑगस्ट 2017 मधील टकरीनंतर दिसलेल्या प्रकाशात स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. सोन्याची मात्र नाही. फेकले गेलेले एकूण द्रव्य त्या प्रकाशाच्या तेजावरून काढतात, आणि ते तेज किरणोत्सारी क्षयाच्या उष्णतेतून येत असल्याने अणुकेंद्रीय माहितीतील चूक त्या आकड्यातही शिरते. म्हणून सोन्याचा अंदाज एका आकड्यात देणाऱ्या प्रारूपापेक्षा, वस्तुमानांची वेगवेगळी प्रारूपे वापरून मर्यादांचा पट्टा देणारे काम मला अधिक विश्वासार्ह वाटते.