गोव्यातल्या सरकारी सर्व्हर रूम एकत्र केल्या तर वीज आणि पैसा खरंच वाचतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, जिथे जाल तिथे प्रत्येक खात्याची स्वतःची एसी खोली आणि तिच्यात चार ते बारा सर्व्हर. हे सगळे उचलून एकाच डेटा सेंटरमध्ये ठेवले तर बिल किती उतरेल आणि सुरुवात कुठून करायची?

सर्व्हर उचलून नेल्याने फारसं काही वाचत नाही. वाचतं ते सर्व्हर बंद केल्याने आणि मागे राहिलेल्या खोलीचा मेन स्विच खाली ओढल्याने. मी आकड्यांतच सांगतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या खोलीचे मीटर लावून काढा.

समजा खोलीत १२ सर्व्हर आहेत. प्रत्येकाच्या पॉवर सप्लायवर ७५० वॅट छापलेलं असतं, म्हणून फाइलवर भार ९ किलोवॅट लागतो. यूपीएसच्या आउटपुटला क्लॅम्प मीटर लावा, तोच भार ३ किलोवॅटच्या आसपास निघेल. यूपीएस तिसऱ्या हिश्श्याच्या भारावर चालत असल्याने त्याचं नुकसान साधारण अर्धा किलोवॅट, आणि दोन स्प्लिट एसी सरासरी अडीच किलोवॅट. एकूण ६. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ५२,५६० युनिट. म्हणजे सर्व्हरला एक युनिट देण्यासाठी मीटरवर दोन पडतात. या गुणोत्तराला पीयूई म्हणतात, इथे तो २ आला.

आता हेच १२ सर्व्हर जसेच्या तसे चांगल्या डेटा सेंटरमध्ये नेले, जिथे पीयूई १.६ आहे, तर ४.८ किलोवॅट लागतात. बचत वर्षाला १०,५१२ युनिट. पण जुन्या खोलीत नेटवर्कचा एक स्विच राहिला आणि त्याच्यासाठी एक एसी चालू ठेवला, तर ते दोन्ही मिळून सरासरी १.२ किलोवॅट खातात. वर्षाचे झाले १०,५१२ युनिट. हिशेब शून्यावर आला, वर वाहतुकीचा खर्च.

उलट त्या १२ यंत्रांवरचं काम व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम, म्हणजे एकाच मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरने केलेले अनेक वेगळे सर्व्हर) घेतलं, तर चित्र बदलतं. अशा खोल्यांतले प्रोसेसर दिवसातला बराच वेळ ५-१० टक्केच कामावर असतात, आणि रिकामा बसलेला जुना सर्व्हरही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज ओढतो. सामायिक यंत्रांतला यांचा वाटा ०.७ किलोवॅट धरला, तर पीयूईसकट १.१२. वर्षाला ९,८०० युनिटच्या आसपास. बचत साधारण ४२,७०० युनिट. ७ रुपये दर धरला तर एका खोलीमागे ३ लाखांच्या घरात, आणि ग्रिडच्या विजेमागे किलोवॅट-तासाला ०.७ किलो कार्बन धरला तर ३० टन.

इथे एक सापळा आहे. सर्व्हर कमी झाले आणि एसी तेवढाच राहिला, तर पीयूई बिघडलेला दिसतो, बिल मात्र उतरलेलं असतं. म्हणून टेंडरमध्ये नुसता पीयूई घालू नका. एकूण युनिट मोजा.

मोजायचं काय हे चुकलं की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. २०१० साली तिथल्या केंद्र सरकारने डेटा सेंटर एकत्र करण्याची मोहीम काढली, कारण १९९८ साली ४३२ असलेली संख्या ११०० च्या वर गेली होती. मोजणी नीट सुरू झाल्यावर आकडा दोन हजारांवर गेला, मग व्याख्या बदलून छोट्या खोल्याही धरल्या तेव्हा आणखी वाढला. किती खोल्या बंद केल्या हे मिरवणं सोपं. त्यातून वीज किती वाचली हा वेगळा प्रश्न. तो नंतर २०१६ च्या धोरणात आला.

सुरुवात यादीपासून करा, पण मालमत्ता नोंदवहीतून नाही. तिच्यात असलेलं यंत्र खोलीत नसतं आणि खोलीतलं वहीत नसतं. प्रत्यक्ष फिरा, नेटवर्क स्कॅन करा, स्विचवर कोणत्या पोर्टला कोण जोडलंय ते बघा आणि निदान ४५ दिवसांची नेटवर्कवरची ये-जा नोंदवा. महिनाअखेर त्या नोंदीत यायलाच हवी. पगार, वसुली, परवाने यांचे काही प्रोग्रॅम महिन्यातून एकदाच जागे होतात, काही तर ३१ मार्चलाच. ज्या यंत्राला कोणी वाली सापडत नाही, त्याचं नेटवर्क पोर्ट बंद करा, वीज एवढ्यात काढू नका. जो बोंब मारत येईल तो मालक. कोणीच आलं नाही तर महिनाभराने वीज काढा, आणि डिस्क आणखी ९० दिवस कपाटात. अशी बेवारशी यंत्रं तुम्हाला वाटतं त्याहून जास्त निघतात, आणि बचतीतला सर्वांत स्वस्त भाग हाच.

उरलेल्यांची वाटणी करायची: काय बंद, काय व्हर्च्युअल, काय राज्याच्या डेटा सेंटरमध्ये, काय एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) मेघराज क्लाउडवर, आणि काय पुन्हा लिहिल्याशिवाय हलणारच नाही. शेवटच्या गटात आपल्याकडे एक खास प्रकार असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा मराठी किंवा कोकणी डेटा युनिकोडमध्ये नसतो, तो आयएसएम किंवा श्रीलिपी या जुन्या टंकन-सॉफ्टवेअरच्या फॉन्ट-सांकेतिक लिपीत असतो. डेटाबेसच्या रकान्यात खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, तो विशिष्ट फॉन्ट असला तरच ती ‘केरी’ किंवा ‘मये’ अशा गावांच्या नावांसारखी दिसतात. नवीन सर्व्हरवर डेटा सुखरूप पोचतो आणि पडद्यावर कचरा दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार, वेलांटी आणि जोडाक्षरं हटकून चुकतात. म्हणून गावांची आणि आडनावांची यादी काढून एक हजार नोंदी तरी माणसाने डोळ्यांनी तपासायच्या. शिवाय अशा सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणजे यूएसबी पोर्टला लावलेला डोंगल. यंत्र व्हर्च्युअल केलं की डोंगल दिसेनासा होतो, आणि व्हीएम दुसऱ्या यंत्रावर सरकला तर पुन्हा. त्याला नेटवर्कवरून यूएसबी जोडणारी डबी लागते. ती किरकोळ वस्तू अंदाजपत्रकात नसते आणि त्यापायी काम दोन महिने अडतं.

लायसन्सचं गणित आधी करा, मग यंत्रं मागवा. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड आवृत्तीत यंत्राचे सगळे कोर (प्रोसेसरमधले गणन-भाग) धरून लायसन्सच्या एका संचात दोनच व्हीएम बसतात. जास्त व्हीएम असतील तर डेटासेंटर आवृत्ती स्वस्त पडते. ओरॅकल डेटाबेस सामान्य व्हर्च्युअल क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या गटावर) टाकला तर कंपनी अख्ख्या क्लस्टरचे कोर मोजते, तुम्ही वापरता तेवढेच नाही. त्यामुळे ओरॅकलसाठी दोन छोटी वेगळी यंत्रं ठेवणं बहुधा शहाणपणाचं. विजेत वाचलेले ३ लाख लायसन्समध्ये एका दिवसात जातात. क्लस्टर तीन यंत्रांचा करा आणि तिन्हींवर मिळून ६० टक्क्यांच्या वर मेमरी भरू नका, म्हणजे एक पडलं तर उरलेली दोन भार उचलतील. व्हीएमना मिळून खऱ्या कोरांच्या चारपट कोर दिले तरी चालतं. मेमरी मात्र आहे त्याहून जास्त वाटायची नाही.

आता नेटवर्क. काणकोणच्या मामलेदार कचेरीत सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना प्रत्येक प्रश्नोत्तराला अर्धा मिलिसेकंद लागतो. जुना प्रोग्रॅम एक पडदा भरायला २,००० वेळा डेटाबेसला विचारत असेल तर एक सेकंद. तोच सर्व्हर पणजीला गेला आणि फेरीला १० मिलिसेकंद लागले तर २० सेकंद. बँडविड्थ दुप्पट करून हे सुटत नाही, आणि दर वेळी तेच केलं जातं. प्रोग्रॅमही सर्व्हरच्या शेजारी ठेवून फक्त पडदा काणकोणला दाखवणं हा खरा उपाय. शिवाय गोवा ब्रॉडबँड नेटवर्कबरोबर दुसरा वेगळा मार्ग हवा, आणि दोन्ही फायबर एकाच खांबावरून जात नाहीत ना ते स्वतः चालत जाऊन बघा. पावसात फांदी पडते ती दोन्हींवर एकदमच.

थंडाव्याबाबत परदेशातल्या युक्त्या इथे आणू नका. बाहेरची हवा आत घेऊन सर्व्हर थंड करणं तिकडे चालतं. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश तापमान आणि दवबिंदू १५ अंशांपर्यंत अशी शिफारस आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेचा दवबिंदूच २४ अंशांच्या आसपास असतो. त्यात किनाऱ्यावर मिठाची हवा, सर्किटच्या पट्ट्यांवरचं तांबं हिरवं पडतं. साधा घरगुती एसी आपली बरीच ताकद खोलीत घुसलेली दमट हवा सुकवण्यात घालवतो. म्हणून आधी केबलची भोकं, खिडकीच्या फटी आणि दाराखालची जागा बुजवा. रॅकमधल्या रिकाम्या जागांवर झाकणपट्ट्या लावा, सर्व्हरच्या पुढची थंड आणि मागची गरम गल्ली वेगळी करा, मग तापमान १८ वरून २४-२५ ला न्या. एसीच्या पाण्याची नळी शेवाळाने तुंबून जुलैमध्ये रॅकवर गळते. ती महिन्यातून एकदा फुंकून काढायची आणि खाली पाण्याचा सेन्सर ठेवायचा.

सगळं एका जागी आणण्याची दुसरी बाजू कोरियात दिसली. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि ७०० हून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणारी ८५८ टेराबाइटची ड्राइव्ह जळाली. फार मोठी म्हणून तिची बाहेर प्रतच नव्हती. तेव्हा बॅटरी सर्व्हरच्या खोलीत नको, मधे आगरोधक भिंत हवी, आणि प्रत गोव्याबाहेर हवी. एनआयसीची राष्ट्रीय केंद्रं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरला आहेत. मी तरी अरबी समुद्राच्या वादळाची गाठ पडणार नाही अशी जागा निवडेन. मात्र प्रत असणं वेगळं आणि परत येणं वेगळं: २० टेराबाइट १०० एमबीपीएसवरून आणायला साडेअठरा दिवस लागतात, १ जीबीपीएसवरून जवळपास दोन. वर्षातून दोनदा खरोखर परत आणून बघा.

हलवण्याचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. मार्च नको, पावसाळा नको. ‘चवथीच्या सुट्टीत करू, कचेऱ्या बंदच असतात’ असं कोणीतरी हमखास सुचवतं. त्या दिवसांत केबलवालाही बंद असतो आणि डेटाबेसवालाही घरी. साधा फाइल सर्व्हर पहिला न्या, जमिनीच्या नोंदी शेवटी. दोन दिवस आधी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणा. रात्री किती वाजेपर्यंत जमलं नाही तर माघार घ्यायची ते कागदावर लिहा, नाहीतर पहाटे पाचला सगळेच आशावादी होतात. जुना सर्व्हर महिनाभर फक्त वाचता येईल असा चालू ठेवा.

आणि मग ती खोली. नेटवर्कचा स्विच भिंतीवरच्या जाळीदार कपाटात लावला की त्याला एसी लागत नाही. यूपीएस आणि जनरेटरची वार्षिक देखभाल रद्द करा. नाहीतर ती दर वर्षी आपोआप वाढते. वीज खात्याकडे मंजूर भार कमी करण्याचा अर्ज द्या, स्थिर आकार मंजूर भारावर लागतो, वापर घटला म्हणून तो कोणी कमी करत नाही. डिस्क चुरून मगच निर्लेखन (नोंदवहीतून काढणं), आणि बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापरवाल्यालाच. इमारतीचं बिल एकत्र येत असेल तर काम सुरू होण्याच्या तीन महिने आधी खोलीला सबमीटर बसवा, नंतर बसवलेल्या मीटरला आधीचं काही सांगता येत नाही. शेवटी खोलीची चावी आस्थापना विभागाला देऊन टाका. आठ दिवसांत तिथे जुन्या फाइलींची कपाटं येतात, आणि मग ‘एक छोटासा सर्व्हर इथेच ठेवूया’ म्हणणाऱ्याला जागाच उरत नाही.