उसाच्या ट्रॉलीमागं स्पोर्ट्‌स कार: गिअरबॉक्स कुठला घेऊ?

प्रश्न: दादा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट घासले, आता एक गाडी स्वतःच्या हौसेची घ्यायची म्हणतोय. बजेट कोटीच्या आत. नवी बीएमडब्ल्यू एम ३४० आय की जुनी पोर्शे केमन, यावरनं घरात रोज वाद. पोरगं म्हणतंय बीएमडब्ल्यूत टॉर्क कन्व्हर्टर आहे, ते म्हाताऱ्या माणसांचं काम, स्पोर्ट्‌स कारला ड्युअल क्लचच पाहिजे. मॅन्युअल नको, डावा गुडघा बोंबलतोय. रोज राजारामपुरी ते शिरोली, महिन्यातनं एकदा आंबा घाटातनं रत्नागिरी, आणि वर्षातनं एखादा ट्रॅक डे करायची लई इच्छा आहे. काय करू?
— शिरोलीचा एक वाचक

उत्तर: पहिलं पोराला सांगा की बीएमडब्ल्यूतला आठ स्पीडचा बॉक्स झेडएफ कंपनीचा आहे, आणि पोर्शेचा पीडीके, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच बॉक्स, तोसुद्धा झेडएफच बनवते. म्हणजे तुमच्या घरात ज्यांची कुस्ती लागलीय ते दोन्ही पैलवान एकाच तालमीतले.

आता फरक. ड्युअल क्लच म्हणजे सरळ खो-खो आहे बघा. एका क्लचकडं १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडं २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात पळताय तेव्हा चौथा आधीच पाटीवर तोंड करून बसलेला असतो, कॉम्प्युटरनं फक्त खो द्यायचा, एक क्लच सुटतो तोवर दुसरा धरतो आणि ओढ तुटतच नाही. म्हणून ती मजा. फक्त कॉम्प्युटरला वाटलं तुम्ही वरचा गिअर मागणार आणि तुम्ही मारला ब्रेक, तर बसलेल्या गड्याला उठून उलटं तोंड करायला लागतं, तेवढी एक अडखळ कधीतरी जाणवते. पोर्शेनं हा प्रकार १९८० च्या दशकात रेसच्या गाड्यांत वापरून बघितला आणि रस्त्यावरच्या ९११ मध्ये आणला २००८ ला, म्हणजे मुरवायला वीसेक वर्षं घेतली, आणि ते चालवताना कळतं.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, एक इंजिननं फिरवायचा आणि त्याच्या तेलाच्या झोतानं दुसरा फिरतो. मध्ये लोखंडाला लोखंड लागतच नाही म्हणून गाडी लोण्यासारखी हलते. पूर्वी हे तेल कायमच घसरत राहायचं, गाडी सुस्त वाटायची आणि पेट्रोल प्यायची, म्हाताऱ्यांची गाडी ही बदनामी तिथली आहे. आता गाडी जरा पळायला लागली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतो आणि पुढं सगळा सरळ व्यवहार. झेडएफचा हा आठ स्पीड २००९ च्या सुमाराला ७ सिरीजमध्ये आला. आत चार प्लॅनेटरी सेट (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचे संच) आणि त्यांना धरणारे पाच क्लच-ब्रेक, कुठल्याही गिअरला त्या पाचातले फक्त दोन मोकळे असतात, बाकी तिघांनी धरलेलं, म्हणून घासाघीस कमी आणि गिअर बदलतो पटकन. आणि पोराचं तोंड बंद करायचं असेल तर हे सांगा: बीएमडब्ल्यूनं एम ३ आणि एम ४ मध्ये ड्युअल क्लच दिलेला होता, २०२१ च्या नव्या मॉडेलला तो काढला आणि हाच टॉर्क कन्व्हर्टर बसवला. दोन्ही बनवून, विकून, रेसला नेऊन बघितलेली कंपनी आहे ती.

मग मी काय घेईन? थांबा, आधी एक गोष्ट सांगतो. जानेवारीत एका मित्राची ड्युअल क्लचवाली गाडी (कंपनी सांगत नाही, उगीच कशाला) घेऊन बिद्रीच्या रस्त्याला गेलो होतो. गळीत हंगाम ऐन रंगात, पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की मागची ट्रॉली झुलतीय, स्पीकरवर फुल आवाजात गाणी, आणि समोरनं रिकाम्या ट्रॉल्यांची रांग त्यामुळं ओव्हरटेकचा विषयच नाही. दहा फूट सरकायचं, थांबायचं, परत दहा फूट. असं अर्धा तास. दर दहा फुटाला क्लच अर्धवट धरून घसरतोय, तुम्ही मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी खेळवता तेच, फक्त पाय कॉम्प्युटरचा. आधी बारीक हिसके यायला लागले, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा. साडेतीनशे घोड्यांची गाडी बाजूला लावून उसाचा रस पीत बसलो आणि तोच ट्रॅक्टर निवांत गाणी वाजवत पुढं गेला.

गाडीत दोष नव्हता. तो बॉक्स पळायला बनवलाय, रांगायला नाही. म्हणून मी कुणालाही सांगतो, टॉप स्पीड बघून गिअरबॉक्स निवडू नका, पहिल्या गिअरमधल्या त्या दहा फुटांसाठी निवडा, कारण तुमच्या आयुष्यातला निम्मा वेळ तावडे हॉटेलजवळ त्या दहा फुटातच जाणार आहे. तुमचं रोजचं राजारामपुरी ते शिरोली बघता मी डोळे झाकून एम ३४० आय म्हणेन. ३७४ घोडे, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), वर चारही चाकांना ओढ, पावसाळ्यात आंबा घाटात तिचा जीव रमतो. ट्रॅक डेला पीडीके जास्त धारदार वाटेल हे खरं, पण वर्षातल्या एका दिवसासाठी बाकीचे ३६४ दिवस का नासवायचे?

केमन ही दुसरी गाडी म्हणून, फक्त रविवारी पहाटे काढायला घेत असाल तर मात्र घ्याच, माझा विरोध नाही, उलट मला पण बोलवा. फक्त घेण्याआधी सर्व्हिस रेकॉर्ड नीट वाचा, पीडीकेत क्लचचं तेल वेगळं आणि गिअरचं वेगळं असतं, दोन्ही कधी बदलली ते विचारा. आणि टेस्ट ड्राइव्हला हायवेवर पळवून खूश होऊन येऊ नका. तुमच्या घराच्या पार्किंगचा रॅम्प असेल तर त्याच्यावर रिव्हर्स चढवा, अगदी हळू, गाडी गरम असताना. थरथरली, हिसका दिला की समजायचं आत काहीतरी शिजतंय.

बीएमडब्ल्यू घेतली तर एवढंच: तेल आयुष्यभर बदलायला लागत नाही असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. मशीनशॉपवाल्याला तेलाचं महत्त्व मी काय सांगणार.

प्रश्न: माझ्याकडं फोक्सवॅगन व्हर्टस १.५ डीएसजी आहे. एकजण रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, पॉवर वाढवून देतो म्हणतोय. करू का?
— सानेगुरुजी वसाहतीतला एक वाचक

उत्तर: नको भावा. इंजिन झेपवेल, प्रश्न मागच्या बॉक्सचा आहे. तुझ्या गाडीत सात स्पीडचा ड्राय क्लचवाला डीएसजी (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच) आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि कंपनीतनं येतानाच तुझं इंजिन २५० देतंय. कप काठोकाठ भरलाय आणि तू वरनं अजून चहा ओततोयस. ड्राय क्लच म्हणजे त्याला गार ठेवायला तेल नाही, फक्त हवा, त्यामुळं उष्णता आधीच नाजूक विषय. ज्या गाड्यांना मोठं काम करायचं असतं त्यांना वेट क्लच देतात, तेलात बुडलेला, जुन्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये होता तसा. रिमॅपवाला हे सांगत नाही कारण क्लच जळल्यावर तू त्याच्याकडं जाणार नाहीस, सर्व्हिस सेंटरला जाणार आणि तिथं वॉरंटीचं नाव काढलंस की ते आधी तुझा कॉम्प्युटर तपासणार. तेवढ्या पैशात चांगले टायर घाल, घाटात फरक दिसेल.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात ऑटोमॅटिक म्हणजे खरी स्पोर्ट्‌स कारच नव्हे. खरंय का?
— गारगोटीचा एक विद्यार्थी

उत्तर: १९८९ ला फेरारीनं एफ १ मध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर टाकायची गाडी आणली, नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलला पहिलीच रेस तिच्यात जिंकली. आज ग्रीडवर एकही क्लचचा पेडल नाही. तर वेगाचा वाद तिथंच मिटलाय. पण ग्रुपवाले अगदीच येडे नाहीत बरं का. २०१३ ला पोर्शेनं ९११ जीटी ३ फक्त पीडीकेमध्ये काढली, जास्त फास्ट आहे म्हणून, आणि जुने चाहते असे रुसले की २०१७ च्या जीटी ३ ला मॅन्युअल परत द्यायला लागला. हळू असून लोकांनी मागून घेतला. वेग एक आणि हाताला येणारी मजा एक, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यात खरं-खोटं काही नसतं. तू आधी वडिलांची जी गाडी असेल ती मॅन्युअल नीट शिक, मग पुढचं बघू.

प्रश्न: ऑटोमॅटिक गाडी घाट उतरताना न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं का?
— मलकापूरचे एक वाचक

उत्तर: नाही, उलट जातं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनाचा अडसर गेला म्हणजे सगळा भार ब्रेकवर, आणि आंबा घाट उतरून साखरप्याला पोचेपर्यंत ब्रेकचा वास यायला लागतो. पॅडलनं दुसरा किंवा तिसरा गिअर धरून उतरा.