टीव्हीची उंची सहज ठरेल, कर्जाचा हिशेब मात्र चुकला आहे

प्रश्न : दिवाणखान्याची दुरुस्ती आणि रंगकाम पुढील महिन्यात सुरू होत आहे. भिंतीवर ६५ इंची टीव्ही लावायचा असून सोफा ९ फुटांवर आहे. पडद्याचा मध्य जमिनीपासून ६० इंचांवर ठेवावा, असे विक्रेता सांगतो. कंड्युइट पाइप (भिंतीच्या आतून वायर नेण्याचा पाइप) आणि नवीन सॉकेट यांसाठी टीव्हीच्या किमतीच्या ५ टक्के खर्च येणार आहे. तो वाचवून टीव्हीची वायर तशीच प्लास्टरखाली घेतली तर चालेल का? टीव्ही ३ वर्षांच्या कर्जावर घेत आहे. व्याज फ्लॅट १० टक्के आहे. वाढीव वॉरंटी (किमतीच्या १२ टक्के) आणि कर्जाचा विमा (६ टक्के) कर्जातच धरले आहेत. टीव्हीच्या किमतीच्या तिप्पट रक्कम इक्विटी फंडात आहे, पण ती वर्षाला १५ टक्क्यांनी वाढेल म्हणून तिला हात लावत नाही. अडीअडचणीसाठी ६ महिन्यांचा खर्च वेगळा ठेवला आहे. कर्जाच्या कागदांवर पुढील आठवड्यात सही करायची आहे.

उत्तर : सही करू नका. आपण ५ टक्के वाचवण्याबद्दल विचारले आहे, परंतु त्याच पत्रात ५० टक्क्यांहून अधिक रक्कम हातातून जाताना दिसते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

टीव्हीची किंमत १०० धरू. वॉरंटी आणि विमा मिळवून कर्ज ११८ होते, त्यावर ३ वर्षांचे फ्लॅट व्याज सुमारे ३५, म्हणजे आपण एकूण १५३ फेडणार आणि घरात येणार १०० ची वस्तू. फ्लॅट दरात व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ रकमेवरच आकारले जाते, जरी तोवर बरेचसे मुद्दल फेडून झालेले असते. रेड्यूसिंग बॅलन्सच्या, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या पद्धतीने मोजल्यास हा १० टक्क्यांचा दर सुमारे १८ टक्के ठरतो, आणि विम्याचा हप्ता कर्जाच्या खर्चातच धरला तर तो २२ टक्क्यांच्या आसपास जातो. विक्रेत्याने १० हा आकडा सांगितला आणि १८ सांगितला नाही, याची मला खरोखर चीड येते.

फंडाच्या बाबतीत आपला हिशेब असा दिसतो : १०० चे ३ वर्षांत १५२ होतील, व्याज ३० जाईल, म्हणजे २२ चा नफा. यात हप्ते कुठून येतात याचा विचारच झालेला नाही. केवळ टीव्हीपुरते कर्ज घेतले तरी महिन्याला ३.६ जातात. फंडातून १०० काढून टीव्ही रोखीने घेतला आणि हेच ३.६ दर महिन्याला फंडात टाकले, तर आपल्याच १५ टक्के दराने ३ वर्षांनी सुमारे १६० जमतात. म्हणजे आशा पूर्णपणे खरी ठरली तरीही कर्ज घेणारा मागेच राहतो. शिवाय इक्विटीत ३ वर्षांसाठी १५ टक्के कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, कर्जाचे १८ टक्के मात्र ठरलेले आहेत.

कर्जाचा विमा नाकारा. आपल्यावर कोणी अवलंबून असेल तर त्यांना पुरेसा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा) हवा. टीव्हीच्या कर्जापुरता विमा त्यांच्या काहीच उपयोगाचा नाही. वाढीव वॉरंटीच्या अटींमधील ‘काय समाविष्ट नाही’ हा भाग आधी वाचा, कारण पडदा फुटणे किंवा चुकीच्या पद्धतीने भिंतीवर लावल्यामुळे झालेले नुकसान अनेकदा त्यात धरलेले नसते. मूळ वॉरंटीचा काळही बहुधा तिच्या वर्षांत मोजलेला असतो. १२ टक्क्यांना मी ती घेणार नाही.

फंडातून पैसे काढायला मन धजत नसेल, तर ठरलेल्या कर्जाचा जो ४.३ चा हप्ता आपण भरणारच होता, तो दर महिन्याला बाजूला ठेवा; २४ महिन्यांत टीव्ही रोखीने येईल. टीव्ही लांबवता येतो, वायरिंग लांबवता येत नाही, कारण रंग झाल्यावर भिंतीत पुन्हा खाच मारायची म्हणजे दुहेरी खर्च. म्हणूनच ते ५ टक्के मुळीच वाचवू नका.

टीव्हीसोबत येणारी लवचीक वायर प्लास्टरखाली गाडण्यासाठी बनवलेली नसते. ती आत तापली किंवा एखाद्या खिळ्याने कापली गेली तर बाहेरून काहीच कळत नाही. सॉकेट टीव्हीच्या मागेच, पण ब्रॅकेटच्या (टीव्ही भिंतीवर टांगण्याच्या चौकटीच्या) पट्टीखाली दबणार नाही अशा जागी घ्यावे. विजेच्या आणि सिग्नलच्या वायरसाठी पाइप वेगळे असावेत. सिग्नलचा पाइप ४० ते ५० मिलिमीटरचा आणि मोठ्या वळणांचा घ्या, कारण त्यातून एचडीएमआयचे, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज पोहोचवणाऱ्या केबलचे, आख्खे टोक गेले पाहिजे, आणि आत एक दोरी ओवून ठेवा. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट होती, २.० मध्ये ती १८ झाली आणि २.१ मध्ये ४८, त्यामुळे आज पाइपाविना गाडलेली केबल पुढे बदलायची वेळ आली की भिंत फोडावी लागते. इंटरनेटची एक केबलही त्याच पाइपातून घ्या.

उंचीचे सांगायचे तर ६० इंच फार झाले. सोफ्यावर बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजा. ते बहुतेकांचे ४० इंचांच्या आसपास भरते. ६५ इंची पडदा सुमारे ३२ इंच उंच असतो. मध्य ६० वर घेतला तर वरची कड ७६ वर जाते आणि ९ फुटांवरून सतत मान वर करून पाहावे लागते. मध्य ४२ वर घ्या, म्हणजे खालची कड २६ वर येईल. खाली कपाट असेल तर त्याची उंची त्याहून कमी ठेवा. ब्रॅकेटची छिद्रे पडद्याच्या बरोबर मध्यावर असतीलच असे नाही. म्हणून भोके पाडणे टीव्ही आल्यावरच करावे. सध्या फक्त मध्य ठरवून सॉकेट आणि पाइपांची तोंडे त्याच्या आसपास आणा, म्हणजे पुढे ५५ इंची टीव्ही घ्यायचे ठरले तरी ती पडद्यामागेच झाकली जातील. प्लास्टर करण्यापूर्वी खाचांजवळ मोजपट्टी धरून भिंतीचे फोटो काढून ठेवा. ब्रॅकेटची भोके पाडणाऱ्याला पाइप नेमके कुठून गेले आहेत, हे दाखवावे लागेल.